कच्चं

कॉलेजात नाच शिकवतात म्हणजे नेमकं काय शिकवतात, असं भिंगरीला कुणी विचारलं की ती डबीतल्या चार टाचण्या उचलते आणि ओठांत धरते. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही, हा शिंपीकामाचा मोठाच फायदा आहे. मग मशीनवरून बाबा मान वर करतात आणि तिच्या वतीने सांगतात, "अहो, हात बघायला हवे होते तिचे! शेवटच्या कार्यक्रमाला मी स्वतः हजर होतो. असे हात चालले, असे हात चालले, की माझ्या शेजारचा माणूस चक्क रडला." शेजारचा माणूस रडला नव्हता, त्याला सर्दी झाली होती, पण हे बाबांना कोण सांगणार? गिऱ्हाईक कौतुकाने भिंगरीच्या हातांकडे बघतं. त्या हातांत तेव्हा कुणाच्या तरी पँटची उसवलेली मोहरी असते. अशा वेळी भिंगरीला वाटतं, जमीन दुभंगावी आणि तिने आपल्याला पोटात घ्यावं.

कारण बाबा ज्या हातांची तारीफ करतात, त्या हातांनीच तिचा घात केला होता. हे बाबांना कधी कळू नये, एवढीच तिची इच्छा उरली होती. बाकीच्या इच्छांचं काय झालं, तीच ही गोष्ट.

भिंगरी हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे. ज्या वयात मुलं चालायला लागतात त्या वयात ही फिरायला लागली. पायाला भिंगरी बांधलीय मेलीच्या, म्हणून आई ओरडायची, आणि ओरडून ओरडून तेच नाव पडलं. घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं दुकान. खिडकीपाशी मशीन, मधे कापायचं टेबल, आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लावलेला उभा आरसा. त्या आरशापुढे ही दिवसभर. एखादे गृहस्थ नवा कोट घालून ऐटीत उभे राहायचे आणि त्यांना आरशात कोटाऐवजी हीच दिसायची. तिच्या फ्रॉकचं माप घेताना बाबांना घाम फुटायचा. "अगं बये, उभी राहा! माप घेतोय की मासा धरतोय मी?"

आणि उडी! कापायच्या टेबलावरून ती सुटायची ती थेट दारापाशी. सुटल्यावर वर जरा थांबायची, निदान बघणाऱ्याला तसं वाटायचं. शेजारच्या आजी म्हणायच्या, "हिला खाली यायची आठवण करून द्यावी लागते." पोरगी अशी उडते म्हणून बाबा तिच्या कपड्यांना माया जास्त ठेवायचे. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पोर वाढली की शिवण उसवायची आणि ते मोकळं करायचं. सगळ्यांच्या कपड्याला बोटभर माया, हिच्या कपड्याला दोन बोटं. आई म्हणायची, "एवढी माया बरी नव्हे, शिवण टोचते तिला." बाबा म्हणायचे, "टोचू दे. पुढे उपयोगी पडेल."

शाळा संपली तेव्हा भिंगरीने जाहीर केलं की ती कॉलेजात जाऊन नाच शिकणार. आई म्हणाली, "नाचायला कॉलेज कशाला लागतं? इथे काय कमी नाचतेस?" काका तेव्हा चहाला आले होते. ते जरा तिरकस बोलणारे, पण मनाने वाईट नव्हते. "जाऊ दे की वहिनी," ते म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. उद्या हिला जमलं नाही, तर वाकडं म्हणायला एखादं अंगण तरी हवं ना!" सगळे हसले. भिंगरीही हसली. बाबांनी कात्री टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शिंप्याच्या पोरीने शिवायलाच हवं, असं काही कुणी लिहून ठेवलेलं नाही." विषय संपला.

कॉलेज म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाच, मधे जेवण, पुन्हा नाच, अशी तिची कल्पना. तिथे जाऊन बघते तर पहिले कितीतरी दिवस कुणी नाचायचं नावच काढेना. मोठा हॉल, खाली लाकडी फरशी, एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, आणि त्यात दाटीने उभ्या असलेल्या मुली आणि चार-दोन मुलगे. आपल्या गल्लीत कुत्रंही वाघ असतं. इथे सगळ्या गल्ल्यांतले वाघ आणून एकत्र उभे केले होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून शेपूट आत घेत होता. घरच्या आरशात भिंगरी एकटी असायची. या आरशात ती तिसऱ्या रांगेत होती, आणि पुढच्या दोन्ही रांगा तिच्याहून बऱ्या दिसत होत्या.

शिकवणाऱ्या बाई बारीक, ताठ, पांढऱ्या केसांच्या. त्या फार बोलत नसत. मुलीने काही करून दाखवलं की "हं" म्हणायच्या, एवढंच. पण त्या हंचे प्रकार होते. तुटक हं म्हणजे चूक. नाकातून हं म्हणजे चूक, आणि तीही कालचीच. लांबवलेला "हंऽऽ" म्हणजे शाबासकी; तो काहींच्या वाट्याला तीन वर्षांत एकदाही आला नाही. पहिल्याच दिवशी बाई भिंगरीपुढे थांबल्या, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला उभं राहता येत नाही." हे बाबा तिला लहानपणापासून फुकटात सांगत आले होते.

मग उभं राहायला शिकणं. मग चालायला शिकणं. मग नाचाचा इतिहास, आणि त्यावर लांबलचक निबंध. ते लिहिताना भिंगरीला वाटायचं की लिहून नाचता आलं असतं तर ती घरीच बसली नसती का? मग शरीरशास्त्र. त्या वर्गात कोपऱ्यात एक हाडांचा सांगाडा टांगलेला होता, त्याला सगळे मामा म्हणायचे. मामांच्या गुडघ्यात कुठलं हाड कशावर टेकतं, मधे गादीसारखं काय असतं, ते कधी फाटतं, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. वर्ग सुरू व्हायच्या आधी फरशी आपली आपण पुसायची. पायाची नखं काळी पडायची, एखादं गळूनही जायचं. अंग इतकं दुखायचं की खोलीवर जाऊन बसलं की उठायला भिंतीचा आधार लागायचा. नाचाचं कॉलेज म्हणजे मजाच मजा, असं म्हणणाऱ्यांना त्या जिन्यावरून एकदा खाली उतरताना बघायला हवं होतं. सगळी मुलं कठडा धरून, एकेक पायरी, म्हाताऱ्यांसारखी.

हे तिने सगळं सोसलं, कारण तिच्याजवळ उडी होती. पहिल्या वर्षाच्या शेवटी बाईंनी एकेकीला हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत जायला सांगितलं. भिंगरी सुटली. वर गेली, जरा थांबली, खाली आली, पुन्हा गेली. आणि बाई म्हणाल्या, "हंऽऽ." दुसऱ्या दिवशी ती पहिल्या रांगेत होती. त्या संध्याकाळी तिने बाबांना फोन केला आणि नुसतीच हसत सुटली. पलीकडून बाबाही हसायला लागले, कशाला ते विचारायच्या आधीच.

तिच्या खोलीत एक उंचच उंच मुलगी राहायची. तिला सगळे शिडी म्हणायचे. शिडीला उडी जमत नव्हती, पण ती घोटून घोटून काम करायची आणि भिंगरीवर तिचा जीव होता. दुसऱ्या वर्षी एका सकाळी भिंगरी उडीवरून खाली आली तेव्हा तिच्या डाव्या गुडघ्यात टक असा आवाज झाला. फक्त टक. बटण तुटावं तेवढाच. शेजारी उभ्या असलेल्या शिडीने मान वळवली. "काय झालं गं?"

"काही नाही."

संध्याकाळी गुडघा डब्याएवढा सुजला. डॉक्टरांनी वाकवून पाहिला, दाबून पाहिला आणि आराम सांगितला. "किती दिवस?" भिंगरीने विचारलं. "बरा होईपर्यंत," डॉक्टर म्हणाले. मामांच्या गुडघ्यातली ती गादी आता तिच्या गुडघ्यात चिरली होती. तिला त्या गादीचं नाव माहीत होतं, काम माहीत होतं, त्यावर तिने परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. आणि त्यातलं काहीही तिच्या उपयोगाचं नव्हतं.

आता कच्चं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. नाचाची तालीम दोन तऱ्हांनी करता येते. पक्कं करणं म्हणजे जीव ओतून नाचणं, खऱ्या उड्या, खऱ्या गिरक्या. आणि कच्चं करणं म्हणजे नुसतं दाखवणं. दिवेवाला दिवे लावत असतो, कोण कुठे उभं राहणार ते ठरत असतं, तेव्हा उगाच पाय कोण मोडून घेणार? मग जागच्या जागी चालायचं आणि पायांनी जे करायचं ते हातांनी सांगायचं. गिरकी आली की बोट फिरवायचं. उडी आली की दोन्ही तळवे वर उचलायचे आणि अलगद खाली आणायचे. सगळेच हे करतात. त्यात फसवणूक काही नाही. शिंपी नाही का आधी कच्चे टाके घालत? कापड जागेवर धरून ठेवण्यापुरते, सैल, लांब, ओढले की निघतील असे. मागाहून मशीन मारायचं आणि कच्चे टाके काढून टाकायचे. फक्त ते मशीन मारायला विसरायचं नाही.

भिंगरीला बाईंनी कच्चं करायची परवानगी दिली. "गुडघा बरा होईपर्यंत," त्या म्हणाल्या. मग भिंगरी कच्चं करू लागली, आणि तिने ते इतकं सुरेख केलं की विचारू नका. इतर मुली कच्चं करताना माश्या हाकलल्यासारखे हात हलवायच्या. हिचे तळवे वर जायचे ते खरोखर उडी मारल्यासारखे. वर जरा थांबायचे आणि मग खाली यायचे. एक दिवस ते बघून बाई नकळत म्हणाल्या, "हंऽऽ." भिंगरीला धन्य वाटलं. तिथेच ती फसली.

कारण गुडघा बरा झाला. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर डॉक्टरांनी तो वाकवून पाहिला, दाबून पाहिला आणि म्हणाले, "चांगला झालाय. आता हळूहळू उड्या सुरू कर." तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा असताना ती एकटीच आत गेली. पायमोजे काढले, टोकाला जाऊन उभी राहिली, धावली, गुडघे वाकवले, आणि तिला टक ऐकू आलं. गुडघ्यात काही झालं नव्हतं. आवाज डोक्यातला होता. पण पाय जमिनीला चिकटले ते चिकटलेच, आणि दोन्ही तळवे मात्र आपोआप वर गेले आणि अलगद खाली आले. आरशात तिने ते पाहिलं. ती घाबरली. दिवा बंद करून बाहेर पडली आणि पुन्हा एकटी म्हणून त्या हॉलमध्ये गेली नाही.

शेवटच्या वर्षाच्या अखेरीला प्रत्येकाने एकट्याने एक नाच करायचा असे. तो बघायला बाहेरच्या नृत्यसंस्थांची माणसं यायची आणि आवडलेल्या एखाद्या-दोघांना सोबत घेऊन जायची. बाकीच्यांना पदवी आणि घरचा रस्ता. तीन वर्षं पुसलेली फरशी, गळलेली नखं, सगळं त्या एका नाचासाठी. बाईंनी भिंगरीचा नाच उड्यांवर बांधला होता. सुरुवात संथ, मग एक उडी, मग दुसरी, शेवटी तिसरी, रंगमंचाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. "ही तिसरी त्यांनी पाहिली," बाई म्हणाल्या, आणि बाईंना इतकं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, "की बाकी काही बघायची गरज नाही."

"पक्कं कधी करून दाखवतेस?" त्या विचारायच्या.

"त्याच दिवशी करते, बाई. गुडघा राखतेय."

बाईंना ते पटलं. आपले पाय न राखल्याचा पस्तावा त्यांना स्वतःला होता. त्या बसताना दोन्ही हातांनी खुर्ची धरत. मात्र शिडीला पटत नव्हतं. "अगं, एकदा तरी करून बघ. माझ्यापुढे कर. दार लावून घेऊ."

"राखतेय म्हटलं ना!"

"राखतेयस की टाळतेयस?"

भिंगरी चिडली आणि दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने मूठ झाकून ठेवली होती, आणि आत काही आहे की नाही हे उघडून बघायचा तिला धीर नव्हता. न बघता तिला रोज सांगता येत होतं की आहे. रोज रात्री अंथरुणावर ती मनातल्या मनात तिन्ही उड्या मारायची आणि त्या उत्तम व्हायच्या.

बाबांचे फोन यायचे. "नाच कुठवर आला?"

"कच्चं झालंय, बाबा."

"वा! मग राहिलंय काय?" बाबांचा आवाज फुलायचा. त्यांच्या धंद्यात कच्चं झालं म्हणजे अवघड ते संपलं. आता नुसतं मशीनवर धरायचं. "अंगाबरोबर बसलंय ना?"

"बसलंय."

"मग झालंच की. उगाच घाबरतेस." त्यांनी कार्यक्रमाचा पोशाख स्वतः शिवून पाठवला. निळा, हलका, आतून दुहेरी शिवण. घालून बघताना तिला ती शिवण बगलेत टोचली. उलटून पाहिलं तर नेहमीप्रमाणे दोन बोटं माया. विशी ओलांडलेली पोरगी, आता कुठे वाढणार होती? तरीही ठेवली होती. शिडी म्हणाली, "कापून टाकू का?" भिंगरी म्हणाली, "नको."

तो दिवस उजाडला. आई-बाबा चौथ्या रांगेत बसले होते, आई पदराशी चाळा करत, बाबा मान उंच करून. पहिल्या रांगेत पाहुणे. पडद्याआड बाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे शिडी. भिंगरी रंगमंचावर गेली आणि संगीत सुरू झालं.

सुरुवात चांगली झाली. तिला ती आजही लख्ख आठवते. पाय हलके होते, श्वास जागेवर होता, आणि गुडघा जराही दुखत नव्हता. नेमकं तेच तिला पुढे आयुष्यभर छळणार होतं. दुखला असता तर बरं झालं असतं, दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं. पहिल्या उडीची जागा आली. तिने गुडघे वाकवले, आणि तळवे वर गेले. जरा थांबले. अलगद खाली आले. पाय जमिनीवरच होते.

तिला वाटलं, घाबरल्यामुळे झालं, पुढची मारू. संगीत कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या उडीची जागा आली आणि पुन्हा तळवे वर. तिने शरीराला हुकूम केला, विनवणी केली, मनात शिव्या दिल्या. शरीर ऐकेना, कारण शरीराला वाटत होतं की ते बरोबरच करतंय. वर्षभर रोज त्याला हेच शिकवलं होतं. हेच घोटून घेतलं होतं. याच जागी बाईंनी हंऽऽ म्हटलं होतं. तिच्या अंगात कच्चंच पक्कं होऊन बसलं होतं. तिसऱ्या उडीला तिने जीव खाऊन पाय उचलले. ते उचलले गेले, पण वेळ चुकून, जेमतेम, उंबरा ओलांडावा तेवढे. खाली आली तेव्हा संगीत पुढे निघून गेलं होतं. उरलेला नाच तिने हातांनी पुरा केला. समोर रिकामी फरशी होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, स्वच्छ पुसलेली, भरपूर उजेडात. अंगण वाकडं नव्हतं. काकांनी दिलेली तेवढी सबबही तिला वापरता आली नाही.

टाळ्या झाल्या. टाळ्या होतातच. पाहुण्यांपैकी एकाने शेजाऱ्याच्या कानात काही विचारलं, शेजाऱ्याने खांदे उडवले. पडद्याआड बाई तिच्याकडे बघत राहिल्या. हंही म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चूक माझी. मी बघायला हवं होतं." आणि खुर्ची धरून बसल्या. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावल्या असत्या तर तिला रडता आलं असतं. शिडीने तिला जवळ घेतलं. त्या वर्षी पाहुण्यांनी कुणाला घेतलं? शिडीला. तिच्याकडे उडी नव्हती, पण जे होतं ते तिने रोज पक्कं केलं होतं.

बाहेरच्या मोकळ्या जागेत आई-बाबा थांबले होते. बाबांचे डोळे भरलेले. त्यांनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि उलटसुलट करून बघितले. "काय गं हे हात! मला माहीत होतं. आपल्या घराण्यात हातच आहेत. कापड असो नाहीतर नाच असो."

आई बाबांच्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "उडी नव्हती का गं त्यात? मी आपली वाट बघत होते."

"नव्हती आई."

"अगं, हल्लीचा नाच असाच असतो," बाबांनी आईला समजावलं. आणि भिंगरीकडे वळून विचारलं, "झालं ना मग? पक्कं झालं?"

काय सांगणार होती ती? "झालं, बाबा," ती म्हणाली. "पक्कं झालं."

मग ती घरी आली. काही दिवस तिने मुलांना नाच शिकवून पाहिला. मुलं म्हणायची, ताई, उडी मारून दाखवा ना! तिसऱ्यांदा कुणी तसं म्हणालं तेव्हा तिने शिकवणं सोडलं. आई गेली. बाबांची नजर अधू झाली, तशी ती दुकानात बसायला लागली, आधी मदतीला, मग रोजची. कच्चे टाके ती फार छान घालते. सारखे, सैल, कापड जराही न ओढता. बाबा म्हणतात, असे कच्चे टाके त्यांच्या उस्तादालाही जमले नव्हते. शिडीचा कधीमधी फोन येतो, कुठल्या कुठल्या गावांहून. भिंगरी तिला घरचं सांगते, हवेचं सांगते. नाचाचं दोघीही काढत नाहीत. नाच सोडल्याचं दुःख काळाने कमी होतं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी काय सोडलं होतं कोण जाणे. भिंगरीचं तरी ते कमी झालेलं नाही. सकाळी दुकानातला आरसा पुसताना ती त्यात बघत नाही, नुसतं फडकं फिरवते.

परवा एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलगी सतरा-अठराची, हडकुळी, एका जागी ठरेना. भिंगरी तिचं माप घेत होती. मुलीची आई म्हणाली, "कॉलेजात नाच शिकायला जायचं म्हणते. तुम्हीही शिकलात ना? काय काय असतं हो तिथे?"

भिंगरीने टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या.

"हात बघायला हवे होते तिचे!" मशीनमागून बाबांनी सुरुवात केली.

"मी उडी छान मारते," मुलगी मधेच म्हणाली. "दाखवू?" आणि कुणी हो म्हणायच्या आत ती कापायच्या टेबलापासून धावली आणि सुटली. थेट दारापाशी. वर जरा थांबली.

आणि इकडे भिंगरीचे दोन्ही तळवे वर गेले. हातात मापाची पट्टी होती, तिच्यासकट गेले. जरा थांबले. मुलगी खाली आली तेव्हा तेही अलगद खाली आले.

बाबांचं मशीन थांबलं. त्यांना आता लांबचं धड दिसत नाही, पण हे त्यांनी पाहिलं. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या पायांकडे बघितलं, मग भिंगरीच्या हातांकडे. पुन्हा पायांकडे. मुलीची आई टाळ्या वाजवत होती.

"भिंगरे," बाबा म्हणाले. "त्या दिवशी तू हे करत होतीस?"

तिने मान डोलावली, हो अशी.

"म्हणजे तिथे उडी होती. ते कच्चंच होतं?"

भिंगरीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. लपवायला आता काही उरलं नव्हतं. "हो, बाबा."

"आणि मी गावभर सांगत फिरलो," बाबा म्हणाले. त्यांचे हात मशीनवरच्या कापडावर नुसते पडले होते. "एवढी वर्षं. आणि तू ऐकत बसलीस."

मुलगी धापा टाकत परत आली आणि भिंगरीपुढे उभी राहिली. "कशी होती?" तिने विचारलं.

भिंगरीला तिला काहीतरी सांगायचं होतं. मुलगी वाट बघत होती. पण समोर बाबा होते, आणि त्यांच्याकडे बघवेना. तिने गुडघे टेकून मापाची पट्टी मुलीच्या घोट्याशी लावली. "हलू नकोस," ती म्हणाली. "उंची राहिलीय."